वारस मरतात, शेतं ओस पडत नाहीत : ‘क्रुसेडर किंग्ज ३’मधली महामारी

आजच्या स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याचा राजा अकरावा अल्फोन्सो २६ मार्च १३५० रोजी जिब्राल्टरच्या वेढ्यात प्लेगने मेला. दिवस गुड फ्रायडेचा. छावणीत माणसं पटापट जात होती, सरदार वेढा उठवा म्हणून विनवत होते, पण हा हटला नाही. मागे राहिला पंधरा वर्षांचा पेद्रो, आणि लिओनोर दे गुझ्मानपासून झालेली अनौरस मुलांची फौज. पेद्रोचं लग्न इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या मुलीशी, जोनशी ठरलं होतं. ती १३४८ मध्ये लग्नासाठी निघाली आणि वाटेत बोर्दोला प्लेगनेच गेली. १३५१ मध्ये लिओनोरला संपवण्यात आलं. १३६९ मध्ये तिच्या मुलाने, एन्रिकेने, मोंतिएलला पेद्रोला ठार मारलं आणि मुकुट स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

‘क्रुसेडर किंग्ज ३’ खेळताना मला हे घर सारखं आठवतं, कारण हा गेम नेमका अशाच घराचा आहे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओचा हा संगणकावरचा गेम १ सप्टेंबर २०२० ला आला. साथरोग त्यात नीट आले ते ४ मार्च २०२४ च्या ‘लेजेंड्स ऑफ द डेड’ या विस्तारासोबत, म्हणजे मूळ गेमला जोडायला वेगळा विकत घ्यायच्या भागासोबत. मी लिहितेय ते मुख्यतः त्या विस्ताराबद्दल.

माझं काम रुग्णालयातलं, संसर्ग-नियंत्रण विभागातलं. कोणाला वेगळ्या खोलीत ठेवायचं, कोणाला भेटायला सोडायचं नाही, हात कुठे धुतले जात नाहीत, हेच दिवसभर बघायचं. घरी येऊन परत साथच खेळतेस, याचं माझ्या धाकट्या भावाला फार नवल वाटतं. तो नकाशा आपल्या रंगात रंगवायला खेळतो. मी माणसं टिकवायला खेळते. मागे उभा राहून थोडा वेळ बघतो आणि विचारतो, “ताई, लढाई कधी करणार?” करते की, पण आधी राजवैद्य बदलते.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे तुम्ही देश नसता, एक माणूस असता. त्या माणसाला स्वभाव असतो, बायको किंवा नवरा असतो, मुलं असतात, शत्रू असतात, ताण असतो. तो मेला की तुम्ही त्याचा वारस होता आणि पुढे चालू लागता. वारस नसेल तर खेळ खलास. सुरुवात ८६७ किंवा १०६६ मध्ये होते, नंतरच्या एका विस्तारासोबत ११७८ हेही साल आलं. शेवट १४५३. म्हणजे काळा मृत्यू, चौदाव्या शतकातली प्लेगची महासाथ, युरोपात शिरला तेव्हाचं जग तुम्हाला आयतं मिळत नाही. आधीच्या ‘क्रुसेडर किंग्ज २’मध्ये १३३७ पासून सुरुवात करता यायची. इथे अल्फोन्सो किंवा एडवर्ड होऊन सुरुवात करायची सोय नाही, आणि साथीवर विस्तार काढणाऱ्यांनी ती ठेवू नये हे मला अजून पटलेलं नाही. १०६६ ला सुरू केलं तर १३४७ पर्यंत पोचायला खेळातली जवळजवळ तीनशे वर्षं. तोवर नकाशा इतका बदललेला असतो की सिसिलीतल्या मेसिनाला प्लेग आणणारी जहाजं लागली ती कोणत्या राज्यात, हेच शोधावं लागतं.

म्हणून मी १०६६ चा सांचो घेते. कॅस्टिलच. त्याच्या बापाने, पहिल्या फर्डिनांडने, मरताना राज्य तीन मुलांत वाटलं होतं : सांचोला कॅस्टिल, अल्फोन्सोला लिओन, गार्सियाला गॅलिशिया. बहीण उराका सामोरात. खऱ्या इतिहासात सांचोने भावांची राज्यं घेतली खरी, पण १०७२ मध्ये सामोराच्या तटाखाली त्याचा खून झाला. गेममध्ये पहिली काही वर्षं हेच भाऊबंदकीचं प्रकरण निस्तरण्यात जातात. पण ‘वाटणी’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता साथी. नकाशावर एका परगण्यात डाग उमटतो आणि शेजारच्या परगण्यात सरकत जातो. साथी सौम्य असतात, मोठ्या असतात, आणि काही सगळंच धुऊन नेणाऱ्या. देवी, गोवर, टायफस, रक्ती आव, क्षय, आणि अर्थातच गाठीचा प्लेग. साथीसाठी वेगळा नकाशा आहे, तो उघडून ठेवला की डाग तुमच्या दिशेने येताना दिसतो. यात एक फार खरी गोष्ट पकडली आहे : वाट बघणं. साथ अजून तीन परगणे लांब आहे, तुम्ही वेळ थांबवता, पुन्हा सुरू करता, पुन्हा थांबवता. स्पेसबारवरचं बोट उचलवत नाही. खऱ्या कामातही रोगी येण्याआधीचे दिवस असेच असतात, नुसती बातमी असते आणि खाटा मोजून ठेवलेल्या असतात.

रोगांच्या बाबतीत मात्र माझ्यातली परिचारिका कुरकुरते. क्षय असा डाग होऊन नकाशावर धावत नाही, तो घरात येऊन वर्षानुवर्षं बसतो. अर्गटची बाधा, ज्याला तेव्हा ‘पवित्र अग्नी’ म्हणायचे, ती तर संसर्गजन्यच नाही. राय धान्यावर बुरशी येते, त्याची भाकरी खाऊन हातपाय जळल्यासारखे होतात, सडतात. ती गावोगाव पसरायची कारण हवामान ओलं असायचं आणि पीक सगळीकडे तेच. गेम तिलाही इतरांच्याच साच्यात बसवतो. खेळाला साचा लागतो हे कळतं, तरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्क्रीनशी भांडले.

तयारी काय करता येते? इमारती बांधून परगण्याची रोगाला तोंड द्यायची ताकद वाढवता येते. राजवैद्य नेमता येतो, आणि हे काम साथ यायच्या आधीच करायचं असतं, कारण चांगला वैद्य शोधण्यात आणि त्याला दरबारात आणण्यात वेळ जातो. राजा आजारी पडला की वैद्य विचारतो, सांभाळून उपचार करू की धाडसी? धाडसी उपचार फळला तर राजा उठून बसतो. नाही फळला तर वैद्याच्या हातून जे होतं त्यापेक्षा रोग परवडला असता. हा भाग मला अतिशय आवडतो, कारण त्या काळच्या वैद्यकाचा स्वभाव यात बरोबर उतरलाय. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने ऑक्टोबर १३४८ मध्ये फ्रान्सच्या राजाला अहवाल दिला : मार्च १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभेत एकत्र आले, त्याने हवा नासली. विद्वत्ता पूर्ण, उपयोग शून्य. उलट आव्हिन्यॉंला पोप सहाव्या क्लेमेंटला वैद्यांनी दोन मोठ्या आगट्यांच्या मध्ये बसवून ठेवलं. कारण त्यांना हवा शुद्ध करायची होती, पण त्या धगीत प्लेग पसरवणाऱ्या पिसवा आणि माणसं दोघंही जवळ फिरकली नसणार. पोप वाचला. त्याच्या वैद्याला, गी द शोलियाकला, प्लेग झाला आणि तोही वाचला, आणि स्वतःची लक्षणं लिहून ठेवून गेला. असा वैद्य मिळाला तर मी माझा अर्धा खजिना देईन.

मग राजधानी बंद करण्याचा निर्णय. बटण दाबलं की दरवाजे मिटतात, आतल्यांना लागण होण्याची शक्यता कमी होते, बदल्यात कारभाराला फटका बसतो. चालतं हे. पण मला ते कोरडं वाटतं. ‘क्रुसेडर किंग्ज २’च्या ‘द रीपर्स ड्यू’ विस्तारात (ऑगस्ट २०१६) दरवाजे बंद केले की खरी गोष्ट तिथून सुरू व्हायची. आत कोण घेतलं, बाहेर कोण राहिलं, कोठारात किती दिवसांचं धान्य उरलं, एखादा आधीच लागण घेऊन आत आलाय का. इथे दरवाजा हा आकड्यावरचा आकडा झालाय. वेगळं ठेवणं म्हणजे कोणालातरी दाराबाहेर तोंडावर ‘नाही’ म्हणणं असतं, आणि ते म्हणणारा माणूस रात्री झोपत नाही. रगुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये साथीच्या गावांहून येणाऱ्यांना शहरात येण्याआधी ३० दिवस वेगळं राहायला लावलं, पुढे ते ४० झाले. व्यापारावर जगणाऱ्या शहराने स्वतःच्या जहाजांना असं थांबवायचं म्हणजे नगरसभेत किती आरडाओरडा झाला असेल! त्या आरड्याओरड्याचा एखादा तरी प्रसंग या बटणामागे हवा होता.

तरीही मी हा गेम बंद करत नाही. त्याचं कारण वाटणी.

सुरुवातीच्या काळात बहुतेक राज्यांत वारसाहक्काचा कायदा मुलांमध्ये राज्य वाटण्याचा असतो. म्हणजे तुम्ही आयुष्यभर खपून तीन मुकुट जमवायचे आणि मेल्यावर ते तीन मुलांत जायचे, फर्डिनांडसारखे. त्यामुळे अनुभवी खेळाडू मुलं मोजून होऊ देतात, धाकट्यांना मठात पाठवतात, काही जण याहून वाईट करतात. आता यात साथ घाला. माझ्या एका राणीला चार मुलगे होते. थोरला हुशार, बाकीचे बेतास बात. देवीची साथ दरबारात शिरली आणि धाकटे दोघे गेले. पडद्यावर राणीचा ताण वाढल्याची सूचना आली, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात हिशेब झाला : आता वाटण्या दोनच. राणी रडतेय आणि खेळाडू मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतोय. हे कोणी लिहिलेलं संवादाचं पान नाही, दोन नियम एकमेकांवर आपटले आणि ठिणगी पडली. मध्ययुगातल्या कुठल्यातरी किल्ल्यात कुठल्यातरी दिवाणाने मनात हाच हिशेब केला असणार आणि कोणाला सांगितला नसणार.

आणि उलटही होतं. हुशार थोरला जातो आणि गादीवर तो बसतो ज्याला तुम्ही कधी शिकवलंच नाही. त्याचं लग्न भलतीकडेच लावून ठेवलेलं असतं, सैन्य त्याला जुमानत नाही. म्हणून मी आता दुसऱ्या मुलाच्या शिक्षणावरही पहिल्याइतकाच चांगला गुरू नेमते. भावाच्या मते हा वायफळ खर्च आहे. त्याचं राज्य दर दोन पिढ्यांनी कोसळतं, माझं कोसळत नाही, एवढंच सांगते.

ताणाची व्यवस्था मूळ गेममध्येच होती, पण साथींबरोबर ती खरी शोभते. जवळचं माणूस गेलं की ताण चढतो, स्वभावाविरुद्ध निर्णय घेतला तरी चढतो. एका मर्यादेपुढे राजा काहीतरी व्यसन किंवा सवय जवळ करतो : दारू, अतिखाणं, किंवा स्वतःला आसुडाने फोडून काढणं. हे शेवटचं कल्पनेतलं नाही. १३४८-४९ मध्ये असे जथे जर्मन गावांतून फिरत होते, उघड्या पाठीवर आसूड ओढत. क्लेमेंटने ऑक्टोबर १३४९ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. माझा एक राजा चार वर्षांत बायको आणि दोन मुली गमावून असाच आसूड घेऊन बसला. त्याची चित्रातली पाठ दिसत नव्हती, पण चेहऱ्यावरचे देवीचे वण दिसत होते. माणसांच्या त्रिमितीय चित्रांत रोग दाखवायचं काम त्यांनी मन लावून केलंय, बघवत नाही इतकं.

साथींबरोबर आलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे लेजिटिमसी, तुमचा राज्य करण्याचा हक्क लोक किती मानतात याचं माप. युद्ध जिंकलं तर वाढतं, हलक्या कुळात लग्न केलं तर घटतं, आणि मुलखात साथ धुमाकूळ घालू लागली तरी घटतं. यावर काही खेळाडूंची तक्रार असते की साथ आली यात राजाचा काय दोष. दोष नसतोच! पण लोक तसं मोजत नाहीत. देवाने ज्याला राजा केलं त्याच्याच राज्यात देव माणसं मारतोय, मग देवाचं काहीतरी बिनसलंय, असा तो तर्क. मांडलिक कुजबुजायला लागतात, गट बांधतात, आणि साथ ओसरल्यावर दोन वर्षांनी बंड होतं. तो उशीर मला फार आवडतो. साथीचे परिणाम साथीनंतरच येतात, हे विस्तारातल्या इतर कशापेक्षा या एका मापाने चांगलं दाखवलंय.

विस्ताराच्या नावातले ‘लेजेंड्स’, म्हणजे दंतकथा, त्याबद्दल थोडक्यात उरकते, कारण त्यांनी मला फारसं काही दिलं नाही. पूर्वजाची किंवा स्वतःच्या पराक्रमाची कथा निवडायची, बखरकार नेमायचा, दरमहा सोनं ओतायचं, आणि कथा परगण्या-परगण्यांतून पसरत जाते. साथीसारखीच, अगदी तशाच डागाने. प्लेग आणि पोवाडा एकाच चालीने पसरतात ही कल्पना चांगली होती, पण कथेचा मजकूर इतका ठरावीक की दोन-तीन कथांनंतर वाचायचं सोडून नुसतं पुढे जायचं बटण दाबलं जातं. राजाच्या अंत्यविधीचा समारंभ मात्र चांगला आहे. नवा राजा तिथे पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभा राहतो आणि कोण आलं नाही हे मोजतो.

आता माझी खरी तक्रार, शीर्षकातली. या गेममध्ये साथ माणसं मारते, पण फक्त नावाची माणसं. राजे, राण्या, सरदार, त्यांची पोरं. नावाशिवायची माणसं गेममध्ये नाहीतच, लोकसंख्या मोजलीच जात नाही. परगण्याला ‘विकास’ नावाचा एक आकडा असतो, साथ आली की तो खाली जातो, कर कमी येतो. पुढे हळूहळू परत चढतो. म्हणजे राज्य आजारी पडलं आणि बरं झालं.

पण १३४८ नंतर राज्यं पूर्वीसारखी झालीच नाहीत, आणि राज्यकर्त्यांची झोप उडाली ती इथे. कापणीला माणूस नाही. जो आहे तो दुप्पट मजुरी मागतो, नाही दिली तर शेजारच्या जहागिरीत जातो, आणि शेजारचा त्याला हसत ठेवून घेतो. इंग्लंडमध्ये एडवर्डने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये कायदा केला की मजुरी साथीआधीच्या, १३४६ च्या दराने. त्याच १३५१ सालात वायादोलिदला कॅस्टिलच्या कोर्तेसनेही, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी-सभेनेही, मजुरी आणि किमती बांधून दिल्या, तोच पोरसवदा पेद्रो गादीवर असताना. दोन वेगळ्या मुलखांचे राजे, एकाच वर्षी, एकाच भीतीने. इंग्लंडमधला राग साठत साठत १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडापर्यंत गेला. राज्य करण्याचा खेळ म्हणून याहून चांगला पेच कोणता? मजुरी बांधून दिली तर सरदार खूश, पण गावं पेटतात. नाही दिली तर शेतकरी राहतो, सरदार फिरतात. शेजाऱ्याची माणसं पळवून आणावीत का? सगळे निर्णय या गेमच्या मांडलिक-व्यवस्थेत सहज बसले असते. माझ्या कॅस्टिलमध्ये काळा मृत्यू येऊन गेला, अर्धा दरबार नवा झाला, आणि पुढच्या हंगामात सगळी शेतं आपोआप कापली गेली. कोणी कापली?

घ्यावा की नाही? मूळ गेम कधी खेळला नसेल तर आधी तेवढाच घ्या आणि एक अख्खं घराणं जगवून बघा. त्यातही रोग आहेत, वैद्य आहे, ताण आहे. तो आवडला आणि राजांपेक्षा त्यांच्या मुलाबाळांत जास्त रस आहे असं लक्षात आलं, तर हा विस्तार सवलतीत घ्या, पूर्ण दराने नको. नकाशा रंगवणाऱ्यांना साथ म्हणजे नुसता अडथळा वाटेल, त्यांनी पैसे वाचवावेत. मराठी नाहीच, इंग्रजीत भरपूर वाचायची तयारी लागते, आणि शिकवणीचा सुरुवातीचा खेळ आयर्लंडमध्ये आहे, तो टाळू नका.

सुरू करण्याआधी नियमांच्या पानावर साथींचं प्रमाण बदलता येतं. माझा कल कमीकडे आहे. सारख्या बारीकसारीक साथी येत राहिल्या की सूचना न वाचता मिटवायची सवय लागते, आणि मग मोठी येते तीही त्याच बोटाने मिटवली जाते. आणि राजवैद्य वयस्कर असेल तर त्याच्या हाताखालचा दुसरा कोण, हे आत्ताच बघून ठेवा. वैद्यही साथीतच मरतात.